राजीखुशीने

"पुन्हा," जान्हवी म्हणाली.

स्टुलावर लोणच्याची बरणी, बरणीला टेकवून ठेवलेला मोबाइल. मोबाइलवर लाल ठिपका. समोर सोफ्याच्या अगदी कडेला प्रेमा, पदर नीट, दोन्ही हात मांडीवर.

"तुम्ही तुमच्या दिराला किडनी का देताय?"

"सुशांत माझा दीर. मी लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा तो बालवाडीत होता. सासूबाई लवकर गेल्या. मीच त्याला वाढवलं. तो मला मुलासारखा आहे. म्हणून मी स्वतःच्या मर्जीने..."

"थांब, थांब. आई, तू भिंतीकडे बघतेयस."

"मग खंय बघू?"

"खंय नको. 'कुठे' म्हण. कॅमेऱ्यात बघ. म्हणजे माझ्याकडे. म्हणजे कमिटीकडे."

"तू कमिटी?"

"आत्तापुरती मी कमिटी."

"मग कमिटीने आधी आंघोळ उरकावी," स्वयंपाकघरातून राजेश म्हणाला. "दुपार झाली."

खिडकीजवळच्या खुर्चीत सुशांत हसला. त्याच्या डाव्या हाताची बाही वर सारलेली होती आणि तिथली सुया टोचायची शीर दोरखंडासारखी टरारून आली होती. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी तो जरा माणसात असायचा.

"हसू नकोस, काका. तुझ्यासाठीच चाललंय."

"म्हणूनच हसतोय ना यार. फुकट बघायला मिळतंय."

"आई, पुन्हा."

*

हे मधूनच सुरू झालं. आधी माणसं.

राजेश मरोळला एका कारखान्यात पॅकिंगचा सुपरवायझर. प्रेमा त्याची बायको, माहेर कुडाळकडचं. जान्हवी त्यांची मुलगी, अंधेरीच्या एका कंपनीत एचआरला, दिवसभर लोकांच्या मुलाखती घेणारी. सुशांत राजेशचा धाकटा भाऊ. लग्न जमत आलं होतं तेवढ्यात पाय सुजायला लागले आणि मग ते राहूनच गेलं. दिंडोशी कोर्टाबाहेर तो वकिलांची टायपिंगची कामं करायचा. आता करत नाही. एक दिवस मशीनवर जातो, दुसरा मशीनच्या थकव्यातून सावरण्यात.

राजेशला साखर, त्यामुळे त्याची किडनी पहिल्या तपासणीतच बाद. जान्हवीचा रक्तगट जुळला नाही. प्रेमाचा जुळला.

चौघांनाही एकच गोष्ट हवी होती.

*

घाटकोपरच्या हॉस्पिटलात प्रत्यारोपणाची सगळी जुळवाजुळव बघणारी माधुरी नावाची मुलगी होती. गोड बोलायची. पहिल्या भेटीत तिने बोटांवर मोजून दाखवलं. आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा, बायको, मुलं, आजी-आजोबा, नातवंडं. हे कायद्याने जवळचे.

"आणि वहिनी?" राजेशने विचारलं.

"वहिनी त्यात येत नाही."

प्रेमाला आधी वाटलं, ही मुलगी मस्करी करतेय. "मग मी त्याची कोण?"

"कायद्याच्या हिशेबाने बाहेरच्या. वाईट नका वाटून घेऊ, काकू. बाहेरचं माणूस देणार असेल तर कमिटीपुढे जावं लागतं. तिथे दाखवायचं की खरोखरचा जिव्हाळा आहे, पैशांचा व्यवहार नाही आणि जबरदस्ती नाही. सगळं व्हिडिओवर घेतात. आणि देणारी बाई असली की जास्त खोलात जातात. का, ते तुम्हाला सांगायला नको. घराघरातून किडन्या कोण देतं? बायकाच."

मग ती सुशांतकडे वळली. "आणि तुम्ही. पाणी मोजूनच घेताय ना? किडनी बंद, जास्तीचं पाणी फुफ्फुसात साठतं. पथ्य सांभाळणारा पेशंट आहे की नाही, हेही बघतात. जो आत्ता पाणी आवरू शकत नाही तो उद्या गोळ्या वेळेवर घेईल का, असा विचार करतात. एवढी किडनी मिळायची आणि वाया जायची."

"मोजूनच," राजेश म्हणाला. "घरात पेलाच वेगळा ठेवलाय."

सुशांतने मान हलवली.

प्रेमानेही हलवली.

*

जिव्हाळ्याचा पुरावा म्हणून फोटो आणायला सांगितले होते. जान्हवीने कपाटावरचे सगळे अल्बम खाली काढले. सुशांतची मुंज. सुशांत शाळेच्या गॅदरिंगला कोळी झालेला. सुशांत दहावीला पास, पेढा भरवतोय राजेश. गणपतीत सुशांत, आरतीचं ताट. प्रेमा कशातच नव्हती. कुठे ती आत मोदक वळत होती, कुठे तिच्याच हातात कॅमेरा होता. शेवटी शाळेच्या पहिल्या दिवसाचा एक सापडला. दप्तर घेतलेला, रडून लाल झालेला सुशांत आणि त्याचं मनगट धरलेला एक हात. कोपरापर्यंत. हिरव्या बांगड्या.

"हा तुझाच ना?"

"माझाच."

"बांगड्यांवरून कळेल का त्यांना?"

"वैनीच्या बांगड्या," सुशांत म्हणाला, "मी कोर्टात शपथेवर ओळखेन."

*

तालमीची कल्पना जान्हवीची नव्हती. ती आली डायलिसिस सेंटरमधून. सुशांतच्या शेजारच्या मशीनवर अंबादास नावाचे गृहस्थ असायचे. त्यांचा मावसभाऊ द्यायला तयार होता, कमिटीपुढे गेला, त्यांनी विचारलं का देताय, तो लाजून म्हणाला, "आता काय, घरचे म्हणतायत तर बघू." झालं. प्रकरण परत. अंबादास अजून मशीनवर.

"मावसभावाला बोलता येत नाही म्हणून अंबादास मरतोय," सुशांतने घरी येऊन सांगितलं. तेव्हापासून रोज लोणच्याची बरणी स्टुलावर यायला लागली.

जान्हवी हुशार. समोरच्या माणसाच्या नजरेत काय बघतात, हात कुठे ठेवायचे, 'म्हणजे', 'तसं' असे अडखळणारे शब्द कसे गाळायचे, तिला सगळं ठाऊक. तिने प्रेमाचं बोलणं घासूनपुसून लख्ख केलं. मालवणी गेलं. मधली हसू येणारी जागा गेली, कारण हसणं हलकं वाटतं. सुशांतला गोवर झाला तेव्हाची गोष्ट गेली, कारण ती लांबत होती आणि प्रेमा ती सांगताना विषय सोडून डॉक्टरला शिव्या द्यायची.

एका तालमीला सुशांतच खुर्चीतून उठून आला.

"वैनी, शेवट ढिला होतोय तुझा. 'मर्जीने' एवढंच नको. असं म्हण, माझ्या राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाला अथवा आमिषाला बळी न पडता."

"ह्यां काय आणि?"

"अगं, मी हजार वेळा टाइप केलंय. प्रत्येक प्रतिज्ञापत्राच्या खाली असतं. जज लोकांना हेच ऐकायची सवय असते. हे आलं की पुढे विचारतच नाहीत."

"झकास," जान्हवी म्हणाली. "आई, पुन्हा. शेवट काकाचा."

"माझ्या राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाला..."

"अथवा आमिषाला."

"अथवा आमिषाला बळी न पडता."

बोलून झाल्यावर प्रेमा म्हणाली, "मी म्हणतंय ता खरां हा ना गो?"

"म्हणजे?"

"नाय. पाठ झाला की कळना नाय."

*

खरं असं झालं होतं.

दुपार होती. राजेश कामावर, जान्हवी कामावर. प्रेमा खाली वाण्याकडे गेली आणि पिशवी विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली. दार नुसतं लोटलेलं होतं. बाल्कनीत सुशांत पाठमोरा उभा. तुळशीला घालायचा तांब्या असतो, आदल्या दिवशीचं उरलेलं पाणी, त्यात एखादं वाळकं पान, कधी मुंगी. तो तांब्या त्याने दोन्ही हातांनी धरला होता आणि पीत होता. घटाघटा नाही. हळूहळू, एक घोट तोंडात धरून, मग गिळून, मग पुढचा. त्याच्या मानेवरची हाडं हलताना दिसत होती.

त्याने वळून बघितलं. चाळिशीला आलेला माणूस. ओठांवर तुळशीचं बारीक पान चिकटलेलं.

"कोणाक सांगू नको," तो म्हणाला.

प्रेमाला गोवरातला सुशांत आठवला नाही, शाळेतला आठवला नाही, मुलगा वगैरे काही मनात आलं नाही. तिच्या मनात एवढंच आलं की माणसाला स्वतःच्या घरात पाणी चोरून प्यावं लागतंय. आणि तिला त्याचा रागही आला, कारण आज रात्री श्वास लागला म्हणजे पुन्हा सगळी धावपळ. दोन्ही एकदम आलं.

"सांगूचंय नाय कोणाक," ती म्हणाली. पुढे होऊन तिने त्याच्या हातातून तांब्या घेतला, राहिलेलं तुळशीत ओतलं. घेताना तिचा हात त्याच्या त्या फुगलेल्या शिरेला लागला. आत काहीतरी घरघरत होतं, मिक्सर लांबून ऐकू यावा तसं. तिने हात काढला नाही.

"माजी घे," ती म्हणाली.

"काय?"

"किडनी. माजी घे."

"तुका येड लागलां काय?"

"मगे मेल्या, तुळशीचां पाणी पिवन किती दिवस काढतलंस?"

एवढंच. कोणी विचारलं नाही, कोणी सुचवलं नाही. एका दमात.

हे उत्तर तालमीत कधी आलं नाही. येणं शक्यच नव्हतं. पाणी आवरू न शकणारा पेशंट.

*

कमिटीच्या व्हिडिओत काय दिसतं:

एक बाई, मोरपंखी साडी. ताठ बसलेली. प्रश्न कॅमेऱ्यामागून येतात, उत्तरं लगेच येतात. नाव, वय, पत्ता, नातं. ऑपरेशनमधले धोके समजावले का? समजावले. नंतर एकाच किडनीवर राहावं लागेल, माहीत आहे? माहीत आहे.

"तुम्ही दिराला किडनी का देताय?"

"सुशांत माझा दीर. मी लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा तो बालवाडीत होता. सासूबाई लवकर गेल्या. मीच त्याला वाढवलं. तो मला मुलासारखा आहे. म्हणून मी हा निर्णय माझ्या राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाला अथवा आमिषाला बळी न पडता घेत आहे."

कोणीतरी पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज.

पुरुषाचा आवाज: "हे वाक्य छान आहे. कोणी लिहून दिलं?"

बाई कॅमेऱ्यात बघते. नजर हलत नाही. "लिहून नाही दिलं."

"मग?"

"सुशांतने सांगितलं. असं म्हण म्हणून."

"म्हणजे पेशंटनेच."

"हो. तो कोर्टात टायपिंग करायचा."

"घरी सराव केला होता?"

"हो."

"किती वेळा?"

"रोज. मुलगी घ्यायची. ती एचआरला आहे."

बाई खोटं बोलत नाही. एकदाही नाही. हेही व्हिडिओत आहे.

कॅमेऱ्यामागून दुसऱ्या एका बाईचा आवाज, मऊ: "जरा कॅमेरा बंद करू या का? मला यांच्याशी एकटीने बोलायचंय."

इथे काळं.

*

पुढचं कुठेही नोंदलेलं नाही.

डॉ. रेवती टेबल ओलांडून आल्या आणि प्रेमाच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. बाकीचे बाहेर गेले. रेवती किडनीच्या डॉक्टर नव्हत्या. दुसऱ्या हॉस्पिटलातून त्यांना कमिटीवर मुद्दाम बोलावलेलं होतं, त्रयस्थ म्हणून. काही वर्षांपूर्वी त्यांनी अशाच एका बाईचा होकार मान्य केला होता. नवऱ्याला दिली होती तिने. सगळी उत्तरं चोख. नंतर कधीतरी ती लिफ्टमध्ये भेटली, ओळख पटून म्हणाली, "मॅडम, तुम्ही सगळं विचारलंत, पण सगळ्यांच्या समोर विचारलंत." तेव्हापासून रेवती कॅमेरा बंद करायला लावायच्या.

"ताई, पाणी घेणार?"

"नको," प्रेमा पटकन म्हणाली.

"आता पाठ केलेलं बाजूला ठेवा. तुमच्या शब्दांत सांगा. हे कधी ठरलं?"

"एका दुपारी." प्रेमाला एकदम बरं वाटलं. ही बाई ऐकून घेणारी होती. "मी वाण्याकडे गेले होते, पिशवी विसरले म्हणून परत..."

आणि ती थांबली.

"हं?"

पुढे बाल्कनी होती. पुढे तांब्या होता.

"घरी कोण होतं तेव्हा?"

"सुशांत."

"आणखी?"

"कोणी नाही."

"तो काय म्हणाला तुम्हाला?"

प्रेमाने विचार केला. त्या दुपारी सुशांत काय म्हणाला होता? खरं बोलायचं म्हणून ती खरं बोलली. "म्हणाला, कोणाला सांगू नको."

"काय सांगू नको?"

"ते नाही सांगता येणार."

"मलाही?"

"तुम्हाला तर नाहीच."

रेवतींनी मान हलवली. हळूच, फार काळजी घेऊन. "ताई, भीती वाटते का?"

"वाटते ना. पोट कापणार म्हटल्यावर..."

"घरी 'नाही' म्हणालात तर काय होईल?"

हा प्रश्न तालमीत नव्हता. प्रेमाने असा विचारच केला नव्हता. नाही कशाला म्हणायचं? तिने राजेशचा चेहरा डोळ्यांपुढे आणून बघितला, जान्हवीचा, मग तो ओठांवर पान चिकटलेला चेहरा, आणि तिला रडू आलं. त्याचं काय होईल या विचाराने.

रेवतींनी तिचा हात हातात घेतला.

"ऐका. तुम्हाला नाही म्हणावं लागणार नाही. ते आम्ही म्हणू. घरी सांगायचं, वैद्यकीय कारण निघालं, यांची किडनी देण्यासारखी नाही. बस. कोणी तुम्हाला दोष देणार नाही, कोणाला कळणारसुद्धा नाही."

"नको!" प्रेमा जवळजवळ ओरडलीच. "नको ओ बाई. माका... मला द्यायची आहे. खरंच द्यायची आहे."

"हो."

"कोणी सांगितलं नाही मला."

"हो ताई."

"तो सांगेल, मी स्वतः म्हणाले त्याला. त्याला विचारा."

"त्यालाच विचारू?" रेवती म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात एवढी माया होती की प्रेमाला पुढे काय बोलावं ते सुचेना. तिच्याकडे शब्द होते ते एवढेच, मर्जी, राजीखुशी, मुलासारखा. ते सगळे मघाशी कॅमेऱ्यासमोर वापरून संपले होते. उरलेलं एक, तेच सांगता येत नव्हतं.

*

माधुरीने घरच्यांना बसवून सांगितलं. शेवटच्या स्कॅनचा रिपोर्ट बघून डॉक्टरांचं मत पडलं की काकू दाता म्हणून योग्य नाहीत. वैद्यकीय कारण आहे. घाबरण्यासारखं काही नाही.

"पण आत्तापर्यंत तर सगळे रिपोर्ट चांगले होते," जान्हवी म्हणाली.

"शेवटी शेवटी निघतं कधीकधी."

राजेशने रुमाल काढून तोंड पुसलं. सुशांत प्रेमाकडे बघत होता, आणि त्याच्या बघण्यात स्वतःबद्दल काही नव्हतं. तिच्याबद्दलची भीती होती.

लिफ्टपाशी माधुरीने प्रेमाला मागे ओढलं. "काकू, निर्धास्त राहा. तुमच्या किडन्या एकदम ठणठणीत आहेत. रेवती मॅडमनी तुमच्यासाठी केलंय हे."

"मी परत येतंय. मी लिहून देतंय त्यांका. कॅमेरा लावा हवा तर."

"काकू," माधुरी म्हणाली. तीही दमलेली होती. "तुम्ही आता परत येऊन हट्ट धरला ना, की त्यांना काय वाटेल? घरी कळलं आणि घरच्यांनी पाठवलं. आणखी पक्कं होईल ते."

लिफ्ट आली.

*

घरी आल्यावर प्रेमा म्हणाली, "माझ्या किडनीला काही झालेलं नाही."

"बरं," राजेश म्हणाला.

"अहो, खरंच नाही. दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊ. अंधेरीला जाऊ. पुन्हा तपासू दे."

"आई, आणि तुझ्याच किडनीत खरंच काही निघालं तर? दोघांना मशीनवर बसवू का आम्ही?" जान्हवी रडत होती. "डॉक्टर कशाला खोटं बोलतील?"

याचं उत्तर होतं. डॉक्टर खोटं बोलले, कारण. कारण मी नको म्हणतेय असं त्यांना वाटलं. तसं का वाटलं? मी थांबले म्हणून. का थांबलीस? प्रेमा मनातल्या मनात एकेक पायरी उतरत गेली आणि दरवेळी शेवटी त्या बाल्कनीत जाऊन पोचली. तिथे सुशांत उभा होता. आत्ताही, इथे, खिडकीजवळच्या खुर्चीत. त्या दुपारच्या चार घोट पाण्यात त्याची किडनी वाहून गेली, हे त्याला कोण सांगणार? ती?

"आत काय विचारलं तुला, कॅमेरा बंद करून?" राजेशने विचारलं.

"काही नाही. पाणी हवं का म्हणाल्या."

"आणि?"

"मी नको म्हटलं."

सुशांत खुर्चीतून उठला. "दादा, पुरे. वैनी कुठेही जाणार नाही, पुन्हा टोचून घेणार नाही. माझं मशीन आहे ना, चाललंय. तिच्या जिवावर उठून मला नाही जगायचं." मग तिच्याकडे वळून, जरा हसून, "तूही माझ्याच लाइनीत आलीस की गो वैनी. वाट लागली आपली दोघांची."

*

"तुम्ही दिराला किडनी का देताय?"

आता हा प्रश्न कोणी विचारत नाही. बरणी परत फडताळात गेली. भांडी घासताना प्रेमाच्या तोंडात उत्तर आपोआप येतं, मी लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा तो, आणि ती नळ मोठा सोडते.

एकदा सकाळी ती एकटीच घाटकोपरला गेली. माधुरी रजेवर होती. रेवती मॅडम इथल्या नाहीत, बोलावलं की येतात. कधी बोलवाल? केस असेल तेव्हा. माझीच केस आहे. नाव सांगा. ती क्लोज झालीय, काकू. काउंटरवरचा माणूस वाईट नव्हता, त्याने तिला बसायला खुर्चीही दिली. ती बसली. मग काय करायचं ते न कळून उठली.

खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला राजेशने विचारून घेतलं होतं. बायकोच्या किडनीत काहीतरी आहे म्हणतात, काय काळजी घ्यायची? त्याने रिपोर्ट मागितले नाहीत. म्हणाला, मनाने गोळ्या घेऊ नका, मीठ कमी, आणि पाणी भरपूर. दर थोड्या वेळाने पाणी.

हे काम सुशांतने स्वतःकडे घेतलं. घरी तोच असतो.

*

दुपार. राजेश कामावर, जान्हवी कामावर. बाल्कनीचं दार बंद, तुळस बाहेर. तुळशीचा तांब्या प्रेमा आता रिकामा करून पालथा ठेवते.

सुशांत माठाकडे गेला. मोठा ग्लास, काठोकाठ भरलेला. न सांडता तो घेऊन येतो, पाऊल जपून टाकत. ग्लासाच्या बाहेरून घाम फुटलेला असतो, त्याची बोटं ओली होतात. तो ती बोटं पुसत नाही.

"घे."

"मगाशीच प्यालंय."

"डॉक्टरान सांगल्यान हा. घे गो. माज्यासारखी होशीत."

"बाबू, माका काय झालां नाय."

"सगळे सुरवातीक असांच म्हणतत."

त्याने ग्लास तिच्या हातात दिला आणि समोरच्या स्टुलावर बसला, जिथे बरणी असायची तिथे. ती पिईपर्यंत तो उठत नाही. रोजचं आहे. प्रेमाने ग्लास तोंडाला लावला. डोळे मिटून एका दमात संपवावं असं तिने ठरवलं होतं, पण घशातून आवाज यायला लागला, म्हणून ती हळू प्याली, आणि हळू पिताना तो जास्त वेळ बघत राहिला. तिच्या गळ्याकडे. एकेक घोट खाली जाताना. त्याचीही मान तेवढीच हलत होती.

"सगळां."

तिने सगळं संपवलं. ग्लास खाली ठेवला.

सुशांतने ओल्या बोटांनी ओठ पुसले. कोरडे ओठ, उगाच.

"थंड आसा मां?" त्याने विचारलं.

"आसा," ती म्हणाली.